दोन अर्धे दरवाजे

माझ्या इकाम्यावर मी गवंडी होतो. आयुष्यात कधी थापी हातात न धरलेला गवंडी. मुंबईच्या एजंटाकडं ड्राफ्ट्समनचा व्हिसा शिल्लक नव्हता, गवंड्यांचे मात्र ढीगभर होते. तो म्हणाला, "तिकडं गेल्यावर कोण बघतंय?" तिकडं गेल्यावर सगळेच बघतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रियाधमध्ये माणसाच्या खिशात इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना असतो, इकाम्यावर त्याचा धंदा लिहिलेला असतो, आणि धंदा गवंड्याचा असला की बायकोला आणता येत नाही. इंजिनिअरला आणता येते, डॉक्टरला येते. गवंड्याला बायको असते, पण ती गावी असते.

माझी गुहागरजवळच्या एका गावात होती. लग्नाची हळद पुरती उतरली नव्हती, तेव्हा मी विमानात बसलो. जाताना तिला सांगितलं, "वर्षभरात तुला बोलावतो." ती म्हणाली, "बघा हं." या दोन शब्दांवर मी तिथं किती वर्षं काढली ते सांगायला बसलो आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, की माझा राग अजून गेलेला नाही.

आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे व्हिसे होते आणि ज्याला आम्ही सगळे शेख म्हणायचो, तो कंपनीचाही मालक होता आणि शहराबाहेर स्वतःसाठी घर बांधत होता. घर कसलं, गावच म्हणा. ती तेलाची वर्षं होती. पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त होतं, आणि ज्यांच्या हाती पैसा खेळत होता त्यांना प्रत्येक गोष्ट शेजाऱ्याकडं नसलेली हवी होती. शेजाऱ्यानं फ्रान्सहून झुंबर आणलं. आमच्या शेखनं इटलीहून एक पुस्तक आणलं.

ते पुस्तक मी विसरणार नाही. पाटाएवढं मोठं, आणि आत नुसते दरवाजे. दगडी दरवाजे. चारेकशे वर्षांपूर्वी तिकडं कुणीतरी तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्यारानं रेघा कोरल्या, त्यांत शाई भरली आणि कागद दाबून चित्रं उतरवली. त्या चित्रांची ही नवी छपाई. कमानीवर पाचरीसारखे बसवलेले दगड, खांबांना पट्टे, कुठे सिंहाचं तोंड, कुठे फळांची माळ. रंगाचा ठिपका नाही. सावली दाखवायची तर रेघा जवळजवळ ओढल्या, उजेड दाखवायचा तर लांब लांब. मी पेनानं रेघा ओढून पोट भरणारा माणूस. ती रेघ बघून माझा हात शिवशिवला.

पण एक गोष्ट मला त्या पुस्तकात पहिल्यापासून खटकली. त्या दरवाजांच्या मागं घरच नव्हतं. दोन्ही बाजूंना भिंत नाही, वर छप्पर नाही, आत माणूस नाही. दरवाजा, आणि दरवाजाच्या आत पांढरा कागद.

शेखनं एका पानात चिठ्ठी घालून ठेवली होती. त्याला आपल्या घराला तो दरवाजा हवा होता, हुबेहूब. आमच्या साइटचे इंजिनिअर, आपले पुण्याचे साहेब, यांनी ते पान माझ्यासमोर टाकलं आणि म्हणाले, "हे मोठ्या मापात काढायचं. शेख खूश झाला तर तुझं काम होईल. मीच शब्द टाकलाय, इकाम्यावर तुला रस्साम करून देईल म्हणून." रस्साम म्हणजे ड्राफ्ट्समन. रस्सामला बायको आणता येत होती.

मी त्या दिवशी गावी कॅसेट पाठवली. तेव्हा आम्ही पत्रं कमी लिहायचो, कॅसेटी भरायचो. सुट्टीवर जाणाऱ्याच्या हाती त्या घरी जायच्या आणि येणाऱ्याच्या हाती परत यायच्या. मी बोललो, "एक दरवाजा काढायचाय. तो झाला की तू इथं." तिच्या पुढच्या प्रत्येक कॅसेटीत, पाऊस, आंबे, आईची गुडघेदुखी सगळं सांगून झालं की शेवटी एक वाक्य असायचं, "दरवाजा झाला का?"

काढायला बसलो तेव्हा चित्रातली गोम लक्षात आली. दरवाजाच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या. डावीकडचा खांब गुळगुळीत, माथ्यावर पानं, पानांखाली बारीक फुलांची पट्टी. उजवीकडचा खांब ओबडधोबड दगडांचा, जणू खाणीतून तसाच उचलून आणलेला. कमानीचा मधला दगड अर्धा साफ, अर्धा खडबडीत. आम्हाला आयटीआयमध्ये हेच शिकवलं होतं: दरवाजाच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, मग पूर्ण काढून कागद कशाला वाया घालवायचा? मधोमध रेघ धरायची, डाव्या अर्ध्यात बाहेरून कसा दिसतो ते दाखवायचं, उजव्या अर्ध्यात आतून कापून. तसंच हेही. चित्रकारानं एकाच पत्र्यावर दोन वेगळे दरवाजे अर्धे अर्धे कोरले होते. ज्याला जो आवडेल तो त्यानं घ्यावा. तांबं काय तिकडंही फुकट नव्हतं.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्म्यातून पान पाहिलं, मग मला पाहिलं.

"शेखनं कशावर बोट ठेवलंय?"

"या चित्रावर, साहेब. पण हे दोन आहेत."

"बोट एकच ठेवलंय ना? मग दरवाजा एकच. अरे, ज्याचं घर त्याला आवडलंय, तू कशाला त्यात पडतोस? खलास."

मला त्यात पडावंच लागणार होतं. दरवाजा वाकडातिकडा उभा राहिला असता, शेखच्या पाहुण्यांपैकी एखादा युरोप पाहिलेला हसला असता, आणि ते हसू कुणावर निघालं असतं ते मला दिसत होतं. साहेबांचा इकामा पक्का होता. माझ्या इकाम्यावर माझी बायको टांगलेली होती.

त्या शुक्रवारी साहेबांनी मला जेवायला बोलावलं. ते अधूनमधून बोलवायचे, माणूस वाईट नव्हता. असं मी तेव्हा म्हणायचो. वहिनींनी वरणभात, तूप, बटाट्याची भाजी केली होती. साहेबांची मुलगी आईला इंग्रजीत उत्तरं देत होती आणि वहिनी तिला दटावत होत्या, "मराठीत बोल, काका काय म्हणतील?" काका दाराशी काढून ठेवलेल्या चपला पाहत होते. साहेबांचे बूट, वहिनींच्या चपला, मुलीचे सँडल. कॅम्पात आमच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग असायचा, पण सगळ्या एकाच जातीच्या, पुरुषी, टाचा झिजलेल्या. मला भातावरच्या तुपाचा वास सहन होईना. लवकर उठलो.

खोलीत माझ्या शेजारच्या पलंगावर रत्नागिरीकडचे एक सुतारकाम करणारे गृहस्थ होते, वयानं मोठे, त्यांना मी भाई म्हणायचो. मुसलमान माणूस, पाच वेळा नमाज, आणि जीभ तिखट. त्यांना मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता शेखलाच जाऊन दाखवतो.

"येडा हायस काय तू?" भाई म्हणाले. "साहेबाच्या पुढनं आन् घोड्याच्या मागनं जाव नये. म्हायती नाय तुला? लाथ खाशील."

"पण दरवाजा चुकला तर?"

"चुकू दे की. तुझ्या बापाचं घर हाय?"

मी ऐकलं नाही. साहेब कुठल्याशा परवानगीसाठी बलदियाच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या कचेरीत गेले होते, तेव्हाच शेखची गाडी साइटवर आली. मी पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं. माझं अरबी म्हणजे 'आहे', 'नाही', 'उद्या' आणि 'इन्शाल्ला'. एवढ्यात दोन अर्ध्या दरवाजांची गोष्ट कशी सांगणार? म्हणून मी सकाळी निघतानाच माझा दाढीचा आरसा खिशात घालून आणला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथं आरशावाचून चालणार नव्हतं.

चित्राच्या बरोबर मध्यावर मी आरसा उभा धरला, तोंड डावीकडं. डावा अर्धा आणि आरशातला त्याचा जोडीदार मिळून एक अख्खा दरवाजा उभा राहिला: गुळगुळीत, पानाफुलांचा, देखणा. मग आरशाचं तोंड उजवीकडं केलं. आता दुसरा दरवाजा: रांगडा, खडबडीत, किल्ल्याचा असावा तसा.

शेख वाकून बघत राहिला. मग मोठ्यानं हसला, माझ्या हातातून आरसा घेतला आणि स्वतः करून पाहिलं. इकडं, तिकडं, पुन्हा इकडं. ड्रायव्हरला आत बोलावून त्यालाही दाखवलं. मी उभ्या उभ्या स्वप्न पाहत होतो. बायको रियाधच्या विमानतळावर उतरली होती, तिच्या हातात लोणच्याची बरणी होती.

"बाबेन!" शेख म्हणाला आणि दोन बोटं वर केली. दोन दरवाजे. त्याला कुणी कधी दोनांतलं एक निवडायला सांगितलंच नव्हतं; निवडायची पाळी आमच्यासारख्यांवर येते. खडबडीतावर बोट ठेवून तो म्हणाला, पुरुषांचा. गुळगुळीतावर बोट ठेवून, बायकांचा. तिथल्या घरांना तशी दोन दारं असतातच. पाहुणे पुरुष एका दारानं, घरातल्या बायका दुसऱ्या दारानं. मग तो ड्रायव्हरशी काही बोलला आणि ड्रायव्हरनं मला हिंदीत सांगितलं, "शेख बहुत खुश है. बोलते हैं तेरे को रस्साम बनाएंगे. बस, दोनों दरवाजे हो जाने दे."

दोन्ही. मी त्या आनंदात तो शब्द ऐकलाच नाही. एका दरवाजाचं काम मी माझ्याच आरशानं दुप्पट करून ठेवलं होतं.

साहेब परत आले, त्यांना कळलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मिटलं असतं.

"मला डावलून गेलास?"

"तुम्ही नव्हतात, साहेब."

"नव्हतो म्हणजे परत येणारच नव्हतो का रे?" एवढं म्हणून ते हसले. पुढच्या आठवड्यात माझा दाढीचा आरसा त्यांच्या टेबलावर होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तेच तो खेळ करून दाखवत होते. मी बत्ह्याच्या बाजारात जाऊन नवा आरसा घेतला.

पुरुषांचा दरवाजा उभा राहिला. चांगला झाला, खोटं कशाला बोलू. मी साहेबांना इकाम्याचं विचारलं. "अरे हो, हो. पण शेखनं काय म्हटलंय? दोन्ही. बायकांच्या दरवाजाला हात लागू दे." आणि बायकांच्या दरवाजाला हात लागेना. आधी कंपाउंडची भिंत, मग पाण्याची टाकी, मग पाहुण्यांची बैठक, मग दगड संपला, मग दगड आला तर कारागीर दुसऱ्या साइटवर. काम कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे ठरवणं साहेबांच्या हातात होतं. प्रत्येक वेळी गोड बोलले. मला त्या माणसानं कधी नाही म्हटलं नाही. तोंडावर नाही म्हणणारा परवडतो. निदान माणूस दुसरीकडं वाट बघतो. हे पोटात एक, ओठात एक.

बायकांच्या दरवाजाची ड्रॉइंगं मी मात्र कधीच काढून ठेवली होती. ती मी शेखच्या घरातल्या बायकांसाठी काढली नाहीत. मी त्या बायका पाहिल्या नव्हत्या आणि कधी पाहणारही नव्हतो. ती मी माझ्या बायकोला डोळ्यांपुढं ठेवून काढली. चित्रात उंबरा उंच होता. मी तो कमी केला, तिला उंच पायरीवर साडीचा घोळ सांभाळावा लागायचा म्हणून. फुलांची पट्टी तिच्या नजरेच्या उंचीवर आणली. एक प्रत ट्रेसिंग कागदावर उतरवली आणि भाई सुट्टीवर निघाले तेव्हा कॅसेटीबरोबर त्यांच्याकडं दिली. "हा बघ, हा दरवाजा," मी कॅसेटीत म्हटलं. "एवढा एकच राहिलाय."

तो एकच फार दिवस राहिला. मध्ये एकदा रजेवर घरी जाऊन आलो. तिनं काही विचारलं नाही, आईनं विचारलं. आईला नातवंड हवं होतं, आणि नातवंडं कॅसेटीवर होत नाहीत.

शेवटी तो दरवाजाही उभा राहिला. तोवर शेखचं कुटुंब मागच्या भागात राहायला आलं होतं. दगड बसवायच्या वेळी घरातल्या बायका तायफला, थंड हवेला गेल्या होत्या म्हणून आम्हाला तिकडं जाऊ दिलं. त्या परतल्यावर ती बाजू आम्हाला बंद. लाकडी फळ्या बसल्यावर दरवाजा पुरा कसा दिसतो, हे मी पाहिलेलंच नाही. एकदा फाटकाजवळून मान वळवून बघायला गेलो, तर चौकीदारानं हटकलं, "यल्ला, यल्ला!" त्याचं बरोबर होतं. तिथं माझं काय काम?

आणि मग एक दिवस साहेबांनी मला बोलावून इकामा हातात ठेवला, देवळातला प्रसाद ठेवावा तसा. धंदा: रस्साम. "बघ, म्हटलं होतं ना?" मी त्यांच्या पाया पडलो. ही गोष्ट मला आजही रात्रंदिवस टोचते, त्या माणसाच्या मी पाया पडलो.

त्याच आठवड्यात कॅसेट भरली. ओरडूनच बोललो बहुतेक, कारण भाईंनी कानावर उशी ठेवली. तिचं उत्तर यायला बराच वेळ लागला. आलं तेव्हा खोलीत भाईच होते, आणि ते उठून बाहेर गेले.

"अहो, ऐकताय ना?" ती म्हणत होती. मागं कोंबड्या ओरडत होत्या. "इकाम्याचं झालं, फार बरं झालं. पण आता मी यायचं नको. आईंना उचलून बसवावं लागतं. मला बालवाडीचं काम लागलंय, ते सोडवत नाही. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात ना, दरवाजा झाला की, तेव्हा मी बॅग भरून ठेवली होती. खरंच सांगते. दोन उन्हाळे कॉटखाली होती. मग चादरी ठेवायला जागा नव्हती म्हणून ती रिकामी केली. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्हीच या आता. घराचं काम काढलंय, तुमच्याच पैशांतून. या बघायला."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी पहिल्या विमानानं गेलो असतो, नोकरी गेली खड्ड्यात. पण ती शेजारणीला निरोप सांगावा तसं सांगत होती. आणि त्या कॅसेटीत, पहिल्यांदाच, दरवाजा झाला का, हे विचारलेलं नव्हतं.

पहिल्या दरवाजाच्या वेळी इकामा झाला असता तर ती आली असती. हे मी तेव्हा म्हणत होतो, आजही म्हणतो. लोक सांगतात, नशिबात नव्हतं. नशिबाचा काय संबंध? नशीब चष्मा लावून पुण्याहून आलेलं होतं आणि माझ्याच आरशात स्वतःचं तोंड बघत बसलं होतं.

त्यानंतरही मी राहिलो. कशासाठी, विचारू नका. रागानं राहिलो म्हणा. रस्सामाचा पगार, रस्सामाची वेगळी खोली, तिच्यात एकटा रस्साम. पुढं तेलाचा भाव पडला, शेखनं कंपनी आवरती घेतली आणि आमच्या पासपोर्टांवर परतीचे शिक्के बसले.

गावच्या फाट्यावर उतरलो, रिक्षात ब्लँकेटचं खोकं आणि टेपरेकॉर्डर घातला आणि घरापुढं आलो. दुपार होती. नवं घर जांभ्या चिऱ्याचं, नीटनेटकं. आणि समोर तो दरवाजा. चिऱ्याला बारीक नक्षी साधत नाही म्हणून गावच्या गवंड्यानं पानं जरा जाडी केली होती, पण खांब तेच, फुलांची पट्टी तीच, उंबरा मी धरला होता तेवढाच बुटका. रियाधमध्ये पुरा बघायला मिळाला नाही तो इथं फळ्यांसकट पुरा उभा होता. माझे डोळे भरून आले. म्हटलं, हिनं कागद जपला. हिनं माझी वाट पाहिली.

कडी वाजवली. आतून कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. मग घराच्या बगलेनं, मागून, ती आली. हाताला पीठ, केस कानाशी पांढरे झालेले. मला पाहून हसली. मनापासून हसली, त्या हसण्यात काही खोट नव्हती.

"अगंबाई, आलात! थांबा हं, उघडते. मी मागं होते. आम्ही सगळी मागच्या दारानंच येतो-जातो."

"मग हे दार?"

"हे होय? हे पाहुणे आले की उघडतो."

ती पुन्हा बगलेनं आत गेली. अडसर सरकत नव्हता. तिनं शेजारच्या कुणाला तरी हाक मारली आणि दोघींनी मिळून तो ओढल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. दार उघडलं. "या, या," ती म्हणाली. मी वाकून बूट काढले. उंबऱ्याला पाय अडखळला नाही. ओटीवरच्या नव्या खुर्चीवर तिनं मला बसवलं, पंखा लावला आणि आत गेली.

पाणी तिनं ट्रेमधून आणलं.